शिंप्याच्या पोराने डिझायनर व्हायचं कसं?

प्रश्न : बाबा शिंपी आहेत, मी पण कटिंग करतो. जेंट्स कपड्यांचा डिझायनर व्हायचंय पण फॅशनचा कोर्स परवडत नाही. डिग्रीशिवाय कुणी मोठं झालंय का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : झालंय की! जगप्रसिद्ध फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी. जन्म १९३४ चा, इटलीतल्या पियाचेंझाचा, मिलानला डॉक्टरकी शिकायला गेले आणि अर्धवट सोडली, मग एका मोठ्या दुकानात शोकेस सजवायचं काम, आणि कपड्यांचं खरं शिक्षण झालं ते कपडे बनवणाऱ्या नीनो चेरुतींकडे नोकरी करताना, कापड हातात घेऊन. स्वतःची कंपनी १९७५ ला, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर! पैशासाठी आपली फोक्सवॅगन विकली म्हणे.

आता खरी गंमत. तेव्हा सूटचं जॅकेट म्हणजे आतून कॅनव्हास, खांद्याला पॅड, अस्तर, माणूस पुठ्ठ्यात घातल्यासारखा दिसायचा. अरमानींनी आतलं बरंचसं काढूनच टाकलं, कापड मऊ घेतलं, आणि जॅकेट अंगावर शर्टासारखं पडायला लागलं. हे नुसती चित्रं काढून नाही सुचत बरं का, जॅकेट उसवून बघावं लागतं, आणि ते तर तुम्हाला घरीच शिकायला मिळतंय (बाबांना विचारा, बक्रम, म्हणजे आतलं कडक कापड, न लावता कॉलर कशी बसते ते). १९८० ला 'अमेरिकन जिगोलो' सिनेमात नट रिचर्ड गेअरने त्यांचे कपडे घातले आणि अमेरिकेत नाव गाजलं.

कोर्स वाईट नाही हां, ओळखी होतात. पण आधी एखाद्या चांगल्या मेन्सवेअरवाल्याकडे दोन वर्षं नोकरी धरा, पगार कमी असला तरी.