शेजारच्या गच्चीतून आमच्या अंगणात सगळं दिसतं. प्लॉटला आठ फुटी पत्र्याचं कुंपण घालायला परवानगी लागते का?

आठ फूट सलग पत्रा मंजूर होणं अवघड आहे. आठ फुटांपर्यंत उंची मिळू शकते, पण त्यातला वरचा भाग बंद ठेवता येत नाही, आणि तुम्हाला नेमका तोच बंद हवाय. तुमचा एन.ए. (बिनशेती) प्लॉट नगरपालिकेच्या हद्दीत आहे असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच परवानग्यांचे नकाशे करतो, म्हणून तिथलंच सांगतो. (मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे.)

राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020ची एकत्रित नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, लागू आहे. कंपाउंड वॉल साधारणपणे 1.5 मीटरपर्यंत, म्हणजे पाच फुटांच्या आत. ती 2.4 मीटरपर्यंत नेता येते, पण वरचे 0.9 मीटर जाळी किंवा रेलिंगसारखे मोकळे असावे लागतात. प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर चौकाच्या दोन्ही बाजूंना 10 मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर उंच, कारण वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसायला हवं. ही अट मला पूर्णपणे पटते. तिथे पत्रा लावूच नका.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ही उंची तुमच्या अंगणातून मोजत नाहीत, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. भराव टाकून अंगण रस्त्यापेक्षा दोन फूट वर घेतलं असेल, तर पाच फुटी भिंत आतून जेमतेम तीन फूट दिसते. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी लेव्हल काढून घ्या.

घराच्या मंजूर नकाशात कंपाउंड दाखवलेलं असेल, तर तेवढ्याची परवानगी तुमच्याकडे आहेच. ते जुनं मंजुरीपत्र शोधा. नसेल तर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत अर्ज करा. ‘पत्राच तर आहे, त्याला कशाला परवानगी’ असं कुणी म्हणेल. पण शेजाऱ्याने तक्रार केली की एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस तुमच्याच नावाने येते. प्लॉटधारकांची सोसायटी असेल तर तिच्या अटीही वाचा, कधी कधी त्या पालिकेपेक्षा कडक असतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी मोजणीवर करा. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम करून घ्या आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जपून ठेवा. शेजाऱ्याला मोजणीची नोटीस जाते, मोजणीच्या दिवशी त्यांना आवर्जून हजर राहायला सांगा. कुंपणाच्या वादांचं मूळ बहुतेकदा उंचीत नसतं, वीतभर सरकलेल्या हद्दीत असतं. पाया आणि खांब पूर्णपणे आपल्या बाजूला घ्या.

‘त्यांना बघू नका असं कायद्याने सांगता येईल का’ हेही तुम्ही विचारलंय. 1882च्या सुखाधिकार कायद्याच्या (उजेड, वाट असे दुसऱ्याच्या जागेवरचे हक्क ठरवणाऱ्या) कलम 18मध्ये, एखाद्या गावी तशी रूढी असेल तर शेजाऱ्याने घराच्या खाजगी भागात डोकावणारी नवी खिडकी उघडू नये, असं उदाहरण दिलेलं आहे. पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नव्या लेआउटमध्ये अशी रूढी कुठून दाखवणार? उलट बाजूही बघा: त्यांच्या खिडकीला 20 वर्षं अखंड उजेड मिळत आला असेल, तर कलम 15खाली तो त्यांचा हक्क ठरू शकतो, आणि तुमचा उंच आडोसा त्याच्या आड येऊ शकतो.

शिवाय गच्चीतून खाली येणारी नजर हद्दीवरच्या आठ फुटांनी अडत नाही. आडोसा जितका तुमच्या बसायच्या जागेजवळ, तितका तो कमी उंचीत काम करतो. मी तुमच्या जागी असतो तर पाच फुटी भिंत, वर जाळी, ओट्याला बांबूची चिक आणि आतल्या बाजूने कण्हेर-जास्वंदीची दाट रांग एवढं केलं असतं. हद्दीला मोठी झाडं लावू नका. शहरी भागात 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे ती पुढे तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मुळं भिंतीच्या पायात शिरतात ते वेगळंच.