मुलगा शिकून येईपर्यंत फौंड्री थांबणार नाही

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. शिरोली एमआयडीसीत त्यांची इन्व्हेस्टमेंट कास्टिंगची फौंड्री आहे, पंपांचे आणि व्हॉल्व्हचे स्टेनलेस स्टीलचे भाग ओततात. म्हणजे मेणाचे नमुने एका दांड्यावर झाडासारखे जोडायचे, ते झाड पातळ लगद्यात (स्लरीत) पुन्हापुन्हा बुडवून त्यावर कोटावर कोट देत सिरॅमिकचं कवच (शेल) चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. पावसाळ्यात शेल तडकतात, रिजेक्शन वाढतं, गिऱ्हाईक नाराज आहे. मुलाला बारावी सायन्सला 64 टक्के आणि सीईटीला 78 पर्सेंटाइल आहेत. ते विचारतात, ‘रोबोटिक्स शिकून आला की फौंड्री मॉडर्न करायची, तोवर कशाला हात लावत नाही. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेऊ की एक वर्ष ड्रॉप देऊ? कॅपचं (प्रवेशफेरीचं) लॉगिन माझ्याकडेच आहे.’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात फौंड्रीबद्दल दोन पानं आहेत आणि मुलाबद्दल दोन वाक्यं. एक, ‘तो काही बोलत नाही.’ दुसरं, ‘दहावीच्या सुट्टीत नेला तर दिवसभर वॅक्सरूममध्ये बायकांजवळ बसून मेणाची झाडं जोडायचा, मशीनकडे फिरकला नाही.’

मला काळजी वाटते ती पहिल्या वाक्याची. 78 पर्सेंटाइलची नाही. आपल्याच आयुष्याचा निर्णय घरात चालू असताना मुलगा गप्प बसतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याने एकदा बोलून पाहिलेलं असतं. तुमच्या घरात काय झालं ते तुम्हीच आठवा. इथे तर त्याच्या डोक्यावर नुसता अभ्यास नाही, अख्खा कारखाना आहे. फौंड्री सुधारायचा निर्णय तुमचा होता, तो तुम्ही त्याच्या नावावर टाकून मोकळे झालात. हिशोब करा. ड्रॉपचं एक वर्ष, पदवीची चार, मग काम समजायला किमान दोन. सात वर्षं गिऱ्हाईक थांबेल? आणि या काळात धंदा बसला, तर तो आपल्यामुळेच बसला असं हा मुलगा जन्मभर मनात धरेल. हे ओझं सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर टाकू नका, एवढं हात जोडून सांगते.

आता रोबोटिक्सचं. रोबो आला की फौंड्री आधुनिक झाली, हा समज तुमच्यासारख्या अनुभवी माणसालाही असावा याचं मला वाईट वाटलं. शेल बुडवणारा रोबो प्रत्येक झाड स्लरीत एकसारखं बुडवतो आणि एकसारखं फिरवतो. पण कोट वाळला नसेल, तर तो एकसारखे कच्चे शेलच देईल. तुमचा बाइंडर, म्हणजे शेलचे कण एकत्र धरणारा द्रव, पाण्यातला, कोलॉइडल सिलिकाचा आहे. त्यातलं पाणी उडताना शेल थंड होतो, आतलं मेण आकसतं. वाळल्यावर मेण पुन्हा खोलीच्या तापमानाला येतं, फुगतं आणि कोवळ्या शेलवर आतून ताण येतो. जुलैत कोल्हापूरची हवाच ओली, त्यात कोट आतून ओलसर राहतात. असा शेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने मेण काढायच्या टाकीत, गेला की वितळण्याआधी फुगणारं मेण त्याला फोडतं. तुम्ही लिहिलंत की स्लरी कामगार नजरेने जोखतो आणि शेल पंख्याखाली वाळतात. म्हणजे पहिली खरेदी रोबोची नाही. शेलरूम बंदिस्त करा, डीह्युमिडिफायर बसवा, तापमान 22 ते 24 अंशांवर आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. स्लरीचा दाटपणा दर पाळीला फ्लो कपने, म्हणजे तळाला भोक असलेल्या पेल्यातून ती किती सेकंदांत गळते ते मोजून, वहीत लिहा. फुटलेला प्रत्येक शेल कोणत्या दिवशी, कितव्या कोटानंतर वाळत होता, तेही लिहा. एक पावसाळा ही वही भरली की पुढचा पैसा सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर घालायचा, नमुन्यासाठी डाय (मेणाचा साचा) न करता थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न काढायचा, की खरंच रोबो घ्यायचा, हे तुम्हालाच दिसेल. यातलं काहीही मुलाच्या पदवीसाठी अडलेलं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची शाखा कोल्हापुरातच आहे, तिथे तुम्ही जा. तुमच्या शेलरूमच्या माणसालाही बरोबर न्या. उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणारी माणसं मुलांच्या पदवीची वाट बघत बसली नव्हती.

मुलाला या धंद्यात यायचंच असेल, तर रोबोटिक्सपेक्षा मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, जवळची. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी किंवा रांचीची 1966 साली खास फौंड्री आणि फोर्जिंगसाठी निघालेली संस्था, पण नागपूर-रांचीला सीईटी नाही, जेईई लागते, आणि सीओईपीला या गुणांवर प्रवेश अवघड आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. मॅनेजमेंट कोट्याचे पैसे मात्र शेलरूमसाठी ठेवा.

पण हे सगळं ‘असेल तर’. वॅक्सरूमची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. मेणाची झाडं जोडणं हे तुमच्या कारखान्यातलं फार नाजूक काम आहे. जोड कच्चा राहिला की स्लरी फटीत शिरते आणि तिथून शेलचा कण ओतीव धातूत जातो. त्या बायकांच्या हातात तुमचं बरंच रिजेक्शन वाचवायची ताकद आहे, आणि तुमचा मुलगा सबंध सुट्टी त्यांच्याकडून ते शिकत बसला. त्यावरून तो मेटलर्जिस्ट होईल असं मी म्हणणार नाही. त्याला हाताने घडवणं आवडत असेल, डिझाइन आवडत असेल, किंवा मशीनच्या आवाजापासून लांब, गप्पांमध्ये बसणं आवडत असेल. मला पत्रावरून कळत नाही, आणि तुम्ही त्याला अजून विचारलेलं दिसत नाही.

विचारताना फौंड्रीचं नाव काढू नका. आधी एवढंच सांगा की शेलरूमचं काम बाबा याच महिन्यात सुरू करतायत, तुझ्यासाठी थांबलेले नाहीत. ते ऐकल्यावर तो लगेच बोलेल असं नाही, आठवडा जाऊ द्या. कॉलेजांची पसंती लिहायचा ऑप्शन फॉर्म भरायला अजून वेळ आहे. तेवढ्यात कॅपच्या लॉगिनचा पासवर्ड त्याच्याकडे द्या.