लंडनचा मेफेअर आणि बेल्ग्रेव्हिया हा भाग ग्रोव्हनर घराण्याकडे कसा आला आणि इतकी शतकं टिकला कसा?

आला तो लग्नातून. चेशायरचे जमीनदार सर थॉमस ग्रोव्हनर यांनी 1677 मध्ये मेरी डेव्हिस हिच्याशी लग्न केलं. ती अवघी 12 वर्षांची होती. वडील प्लेगच्या वर्षी, 1665 मध्ये वारले आणि शहराच्या पश्चिमेची सुमारे 500 एकर जमीन त्या तान्ह्या मुलीच्या नावावर आली. तेव्हा तिथे कुरणं आणि दलदल होती. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी एक अजाण मुलगी आहे, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

टिकला तो जमीन न विकल्यामुळे. 1720 च्या दशकात मेफेअर वसवताना भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. घर बांधायचा खर्च बिल्डरचा, जमिनीचं भाडं घराण्याला, आणि मुदत संपली की घरासकट सगळं परत घराण्याकडे! 1820 च्या दशकापासून बिल्डर थॉमस क्युबिटने बेल्ग्रेव्हिया उभारलं तेही याच पद्धतीने. शिवाय वारसा थोरल्या मुलाकडे जात असल्याने वाटण्या झाल्या नाहीत. घराण्याच्या प्रमुखाची ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर ही सरदारकीची पदवी 1874 ची.

धक्केही बसले. 1950 च्या दशकात लंडनमधलाच घराण्याचा पिम्लिको हा भाग विकावा लागला. पुढे 1967 च्या कायद्याने अनेक भाडेपट्टाधारकांना घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. घराण्याच्या विश्वस्तांनी त्याला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आव्हान दिलं, पण 1986 मध्ये ते हरले. माझ्या मते निकाल योग्यच होता.