चिपर विकायची घाई नको

मित्रा, यूकेतला ट्री सर्जनचा (झाडं छाटायचा-तोडायचा) धंदा सोडून ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतोयस तर जरूर जा, पण व्हिसा हातात येईपर्यंत व्हॅन आणि चिपर (फांद्यांचे तुकडे करणारं मशीन) विकू नकोस, मी घाई केली आणि नंतर ६ महिने दुसऱ्याच्या हाताखाली काढले.

आत्ता एवढंच बघ:
- आपला स्वतःचा धंदा, पगाराची स्लिप नसते, म्हणून कामाच्या पुराव्यासाठी इनव्हॉइस, टॅक्स रिटर्न वर्षवार लावून ठेव.
- आयएसए (वृक्षतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था) घेते ती सर्टिफाइड आर्बोरिस्टची, म्हणजे वृक्षतज्ज्ञाची, परीक्षा दे, ३ वर्षांचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे असेलच.
- दोर, हार्नेस, सॉ नीट धू, भुसा-माती दिसली तर तिकडे उतरल्यावर सामान अडवतात.

आणि निलगिरीला ओक समजू नकोस रे, वारा नसतानाही अख्खी फांदी खाली येते, सुरुवातीला तिथल्या क्लाइंबरबरोबरच चढ.