नाव दिले, पुढे काय? : सेवागटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये यंदा सात-आठ मराठी कुटुंबे नव्याने नोंदली गेली. सेवागटांसाठी, म्हणजे चर्चची कामे स्वेच्छेने करणाऱ्या गटांसाठी, त्यांनी हौसेने नावे दिली, पण दोन महिन्यांत एकही जण टिकला नाही. कुठे चुकते? (फोंडा)

बहुतेकदा नाव देणे आणि पहिले काम हाती येणे यांमधल्या दिवसांत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर घातला की माणूस गटात आला असे आपण धरून चालतो. तो मात्र मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, पोर्चमध्ये एकटाच उभा असतो, कारण बाकीचे आपापल्या ओळखीत रमलेले असतात. म्हणून फॉर्म आल्यापासून आठवड्याच्या आत गटप्रमुखाने स्वतः फोन करावा, जमल्यास घरी जावे. 'काय काय येते?' हे नंतर विचारा. आधी 'सुट्टी कधी असते?' विचारा. हॉटेलवाल्याची रविवारी हमखास ड्यूटी, वेर्ण्याच्या कारखान्यात पाळ्या. अशांना शनिवार संध्याकाळची मिस्सा द्या.

एका माणसाला एकच काम द्या. पहिल्या रविवारी त्याने नुसते पाहावे, पुढचे दोन रविवार जोडीदारासोबत करावे, चौथ्या रविवारी स्वतः करावे आणि जोडीदाराने मागे थांबावे. जोडीदार चारही रविवार तोच हवा, नाहीतर दर वेळी नवी पद्धत कानावर पडते. मुदत तीन महिन्यांची सांगा. मुदत नसली की सेवा सोडायची चोरी वाटते आणि माणूस चर्चलाच यायचा टाळतो.

दारावरचे स्वागत, खुर्च्या, गीतपुस्तके यांपासून सुरुवात बरी. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) वाटायला बिशपांची परवानगी लागते, तिथे घाई नको. जुन्या गोव्याच्या नोवेनात (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांत), म्हणजे २४ नोव्हेंबरपासून, किंवा गावच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आठवड्यात कुणालाही नव्याने घेऊ नका. शिकवायला कुणी मोकळे नसते. कोंफ्रारीचा (चर्चमधल्या जुन्या धार्मिक मंडळाचा) मान काही गावांत घराण्याने चालत येतो. सेवागट त्याहून वेगळा आहे, हे नव्यांना पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे गैरसमज होत नाहीत.

प्रश्न : मिस्सेत बायबलचे वाचन करायची फार इच्छा आहे, पण पुस्तक रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. शिक्षण मराठीतून झाले. जमेल का? (वास्को)

नक्की जमेल. रोमीत शब्दाच्या शेवटी येणारा 'एम' बहुधा अनुस्वार असतो आणि 'एक्स' म्हणजे 'श'. एवढे कळले की निम्मी भीती जाते. तोपर्यंत गटातल्या कुणाकडून उतारा देवनागरीत लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, ओळींत जागा सोडून, आणि तोही बुधवारपर्यंत. मराठी वाचणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे शेवटचा अनुस्वार गिळणे. कोंकणीत 'तें' म्हणजे मराठीतले नपुंसकलिंगी 'ते', आणि 'ते' म्हणजे अनेक पुरुष, अर्थच बदलतो. घरी तीनदा मोठ्याने वाचा, एकदा जोडीदाराला ऐकवा. माइक तोंडापासून वीतभर दूर ठेवा आणि शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये एकदा उभे राहून बघा. उंच छताखाली आवाज घुमतो, म्हणून घरच्यापेक्षा सावकाश वाचावे लागते.

प्रश्न : नव्या सभासदाला मुलांच्या धर्मशिक्षणवर्गावर लगेच घ्यावे का? (म्हापसा)

लगेच नको. फादरांनी त्याच्या आधीच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) चौकशी करावी. वर्गात कायम दोन प्रौढ हवेत, दार उघडे हवे. हा नियम जुन्या शिक्षकांनाही तितकाच लागू. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगा.