रॅम्प बांधला, पण चढता येत नाही

प्रश्न : आम्ही नागपुरातील काही दिव्यांग मित्र एकत्र येऊन काम करतो. आमच्या भागातील एका सरकारी कार्यालयाचा ओटा 45 सेंटिमीटर उंच आहे. तेथे रॅम्प व्हावा म्हणून दोन वर्षांत चार निवेदने दिली. अखेर रॅम्प झाला, पण तो जेमतेम दोन मीटर लांब असून दोघांनी ढकलल्याशिवाय व्हीलचेअर वर जात नाही. निवेदन देतानाचा फोटो मात्र दर वेळी काढला जातो. आमचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचवायचे कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण पाठवलेल्या निवेदनाच्या प्रतीत ‘रॅम्पची व्यवस्था व्हावी’ एवढेच वाक्य आहे, आणि कार्यालयाने तेवढेच केले. सुगम्यतेच्या सरकारी मानकांप्रमाणे उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे 45 सेंटिमीटर चढण्यासाठी 5 मीटर 40 सेंटिमीटर लांबी हवी. हा हिशेब, मोजपट्टी लावून काढलेले छायाचित्र आणि कायद्याचे कलम एका पानावर आले, तर अभियंत्याला ‘काम झाले’ असा शेरा मारून फाइल बंद करणे कठीण जाते. कलम आपल्या बाजूचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधील कलम 45 नुसार, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करावयाच्या होत्या. ते नियम जून 2017 मध्ये आले, त्यामुळे ही मुदत केव्हाच उलटली आहे. शिवाय राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले की, सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत.

दुसरी गोष्ट वेळेची. आपली चारही निवेदने एप्रिल ते जून या काळातली आहेत, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होऊन गेल्यानंतरची. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. गेल्या वर्षी ही रक्कम किती होती, ती कशावर खर्च झाली आणि किती शिल्लक राहिली, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने दिवाळीपूर्वी मागवावे. उत्तराची मुदत तीस दिवसांची असल्याने पुढील अर्थसंकल्पाची जुळवाजुळव सुरू होताना आकडे आपल्या हातात असतील. नागपूरकरांना आणखी एक सोय आहे, ती म्हणजे हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरते. त्या दिवसांत मोर्चे पुष्कळ निघतात आणि त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आपल्या आमदारांना भेटून या आकड्यांवर तारांकित प्रश्न मांडण्याची विनंती केली, तर शासनाला त्याचे उत्तर द्यावे लागते आणि ते अभिलेखात राहते.

हे सारे खटाटोप व्यर्थ वाटू लागले, तर 2001 च्या जनगणनेची आठवण ठेवावी. त्या जनगणनेच्या प्रश्नावलीत दिव्यांगत्वाचा प्रश्न आधी नव्हता. दिव्यांग हक्क चळवळीतील कार्यकर्ते जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो समाविष्ट व्हावा म्हणून पाठपुरावा केला. ज्यांची गणतीच नाही त्यांच्यासाठी तरतूद कशी होणार, हा त्यामागचा साधा मुद्दा होता. प्रश्न समाविष्ट झाला आणि त्या वर्षी सुमारे 2 कोटी 19 लाख दिव्यांगांची नोंद झाली. आज आपण निवेदनात जे आकडे लिहितो, ते त्या एका प्रश्नामुळे मिळत गेले.

आपल्यातर्फे कोणी बोलावे, याविषयी मी आग्रहाने सांगेन. पत्रावरून दिसते की, भेटीच्या वेळी संस्थेचे एक हितचिंतक बोलतात आणि आपण मागे बसता. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही; तरीही त्या रॅम्पवर अडकणारी व्यक्तीच बोलली पाहिजे. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम 4 मध्येही, धोरण ठरवताना दिव्यांगांशी त्यांच्या प्रतिनिधी संस्थांमार्फत सल्लामसलत करावी, असे म्हटले आहे. युगांडासारख्या आपल्याहून गरीब देशात संसदेत आणि स्थानिक परिषदांमध्ये दिव्यांगांसाठी राखीव जागा आहेत. आपल्याकडे तामिळनाडूने 2025 मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नामनिर्देशित करण्याचा कायदा केला. महाराष्ट्रात तशी मागणी आपल्या गटानेही जरूर मांडावी.

बैठकीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्यास तसे आधीच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. इतिवृत्त मागताना ते युनिकोड मजकुराच्या स्वरूपात मागावे. स्कॅन केलेली पाने स्क्रीनरीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणक प्रणालीला, बहुधा वाचता येत नाहीत, आणि मग आपल्यातील दृष्टिहीन सदस्यांना बैठकीत काय ठरले हे दुसऱ्याकडून ऐकावे लागते.