काकू, आराम खूप झाला

विश्रामबागहून एका आजींचं पत्र आलंय, वय 76. थोडक्यात सांगते. सगळा संसार सांगलीच्या गावभागात झाला, 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं, भिंती राहिल्या बाकी सगळं गेलं. तरी साफसफाई करून परत तिथंच राहिल्या. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा मुलगा म्हणाला आता बास, आणि फ्लॅटवर घेऊन आला. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"मुलगा सून चांगली आहेत. सून कशाला हात लावू देत नाही, म्हणते आई आयुष्यभर केलंत, आता आराम करा. नातू सोळाचा, त्याच्या खोलीत असतो. जेवताना सगळे बोलतात त्यातलं अर्धं मला कळत नाही, परत विचारलं की 'काही नाही आजी' म्हणतात. गावभागात आमचं भजनी मंडळ होतं, पेटी मी वाजवायची. ती पुरात गेली. मुलगा नवी घेतो म्हणतो पण आता या वयात कशाला. माझी तक्रार काही नाही, पण सकाळी उठायचं कशासाठी तेच कळेना झालंय. माझं काही चुकतंय का?"

काकू, चुकतंय कसलं वो. आणि तक्रार नाही तक्रार नाही म्हणत एवढं पत्र लिहिलंत, मग असू दे की तक्रार, चांगल्या घरात राहणाऱ्या माणसाला पण असते.

मला विचाराल तर तुमचं वय हा यातला मुद्दाच नाहीये. कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 च्या पुढं गेलं, त्यात भांडी-कपाट गेलं ते मुलानं परत घेऊन दिलं पण गल्ली कोण घेऊन देणार? गावभागात तुम्ही एक दिवस दारात दिसला नाहीत तर शेजारीण विचारायला यायची, मंडळातल्या बायका पेटीसाठी खोळंबायच्या. आता तुमच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, आणि घरातले सगळे मिळून, अगदी प्रेमानं, अडू नये याचीच व्यवस्था करायलेत. सुनेला वाईट म्हणू नका हां, तिला कुणीतरी सांगितलंय की सासूला काम लावलं की लोक नावं ठेवतात.

पण तिला "मला पण काहीतरी काम दे" असं म्हणू नका. मग ती मेथी निवडायला देईल, नाहीतर लसूण सोलायला, आणि तुम्हाला वाटेल पोराला गप्प बसवायला खेळणं दिल्यासारखं दिलंय. एक अख्खं काम मागा ज्यात शेवटपर्यंत तुमचं चालेल. उन्हाळा तोंडावर आलाय, वर्षाची चटणी तुमच्याकडं घ्या. मिरची किती, ब्याडगी किती नि तिखटाची किती, खोबरं कुठलं, डंकावर कधी न्यायचं, सगळं तुम्ही ठरवायचं. उन्हात मिरच्या पसरायला नि पोती उचलायला नातवाला हाक मारा, तेवढ्यापुरता तो खोलीबाहेर येईल. सोळाचा पोरगा मांडीवर येऊन बसायचा नाही आता, ते मनातून काढून टाका, पण काम सांगितलं की कुरकुरत का होईना करतात ही पोरं.

आता जे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात ते. जेवताना अर्धं कळत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. काकू, कान तपासून घ्या, हे चटणीच्या पण आधी. आपल्याकडं चष्मा लागला की लगेच घेतात पण कानाचं म्हातारपणावर ढकलतात, आणि ऐकू येईना की माणूस हळूहळू बोलायचंच सोडतं, लोकांना वाटतं आजी शांत झाल्या. ऐकू कमी येणं आणि पुढं विसरभोळेपणा वाढणं यांचा संबंध असतो असं डॉक्टर लोक सांगतात, त्यामुळं ही नुसती गप्पांची गोष्ट नाही. कधी कधी मळ साठलेला असतो, काढला की झालं. मशीन लागलं तर लावा, लाजायचं काय त्यात. मिरज एवढी जवळ आहे, तिथं डॉक्टरांना काय तोटा आहे का. आणि भूक-झोप पण गेली असेल, नुसतं रडू येत असेल तर तेही त्याच डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

पेटीचं मात्र मी तुमचं ऐकणार नाही. "या वयात कशाला" म्हणताय, अहो या वयातच तर तुम्हाला दुपार मोकळी आहे! तेव्हा स्वयंपाक, पोरं, पाहुणे सांभाळून वाजवलीत ना? पण एकटीनं हॉलमध्ये वाजवायला म्हणून घेऊ नका, आठ दिवसांत तिच्यावर कपड्यांच्या घड्या पडतील. आधी मंडळातल्या बायका शोधा. पुरानंतर एक मिरजेला गेली असेल, एक मुलाकडं पुण्याला, पण दोघी-तिघी तरी सापडतील, फोन नंबर नातवाकडून शोधून घ्या. महिन्यातली एक एकादशी ठरवा, चहा नि भडंग, बास. कोण पट्टी चढी धरतं यावरून भांडणं होतीलच, होऊ देत.

अजून एक, 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, 2022 च्या ऑगस्टपासून, राज्यात कुठंही. आधार कार्ड जवळ ठेवायचं. शहरातल्या बसला ते चालत नाही, पण तुमची बहीण कवठेमहांकाळला आहे असं लिहिलंय ना, तिकडं जायला कुणाची गाडी रिकामी होण्याची वाट कशाला बघायची? मुलगा पडाल म्हणून नको म्हणेल. त्याची भीती खोटी नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, रोज चाला आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहायची सवय करा. म्हाताऱ्या माणसांनी तोल सावरायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. पहिल्या खेपेला नातवाला बरोबर न्या, त्याचं तिकीट तुम्ही काढा.

सुनेशी बोलायचं ते रविवारी दुपारी बोला, सकाळी डबे भरताना नको. आणि मिरचीचा भाव तिला विचारू नका, तुम्ही स्वतः बाजारात जाऊन बघून या.